एकोणीस ग्रॅम चरबी

शशिकांत उपासनींना ‘कसे आहात?’ असं विचारू नये. ते सांगतात. रक्तदाब किती, काल पावलं किती चालले, सकाळी गॅरेजमध्ये तापमान किती होतं. बाकीची माणसं ‘मजेत’ म्हणून मोकळी होतात. यांना तेवढंही खोटं बोलता येत नाही, म्हणून आमच्या श्रूजबरीतल्या मराठी कार्यक्रमांत त्यांच्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामी असते. मी तिथे बसते. त्यांची बायको शैलजा माझी मैत्रीण. ती चार वर्षांपूर्वी गेली आणि हे गृहस्थ वारशात आल्यासारखे माझ्याकडे आले.

वय त्र्याहत्तर. उंच, जरा पुढे वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. पुण्याला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, इथे अमेरिकेत आले आणि एकतीस वर्षं वूस्टरकडच्या एका खासगी लॅबमध्ये काढली. काम काय, तर खाण्याच्या पाकिटाच्या मागे जो चौकोन छापलेला असतो ना, कॅलरी इतक्या, प्रथिनं इतकी, चरबी इतकी, तो चौकोन भरायचा. उपासनींच्या टेबलावर यायचं ते बहुतेक मांस, आणि त्यातही बीफ. ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचा भाग, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. त्यात म्हणे दोन स्नायू असतात. एक सपाट आणि कोरडा, त्याला फ्लॅट म्हणतात. दुसरा जाड आणि चरबीने भरलेला, तो पॉइंट. एकाचे आकडे दुसऱ्याला लावले की घोटाळा. हे त्यांनी मला एका डोहाळजेवणात, हातात साबुदाणावड्याची बशी धरून सांगितलं.

मांस दळायचं, भट्टीत वाळवायचं, म्हणजे पाणी किती ते कळतं. मग ईथरने चरबी धुऊन काढायची. नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनं काढायची. शेवटी सगळं जाळायचं आणि उरलेल्या राखेचं वजन करायचं. तीन दशकं हे केलं आणि एक घास तोंडात घातला नाही. संध्याकाळी गॅरेजमधून आत यायचे, कपडे तळघरातल्या वेगळ्या मशीनमध्ये, तिथेच अंघोळ, मग वर. शैलजाचा तसा नियमच होता. लोकांना ती सांगायची, “हे फूड सेफ्टीत आहेत.” त्यात खोटं काही नव्हतं, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुधाच्या पिशव्या याव्यात अशी तिने सोय केली होती.

रोज सकाळी ते बी-ट्वेल्व्हची गोळी घेतात. शाकाहारी माणसाला लागतेच. गोळी गिळता गिळता सांगतात, “शंभर ग्रॅम ब्रिस्केटमध्ये जवळजवळ दिवसभराचं मिळतं, गिरिजाताई. शिवाय लोह, आणि जस्त तर भरपूर.”

“मग खा की.”

“छे. मी फक्त माहिती दिली.”

असा माणूस. याच्या पोटी नकुल.

नकुल एकुलता एक, आता छत्तीसचा. जन्म इथलाच. मराठी समजतं, बोलायची वेळ आली की पायाखाली बर्फ असल्यासारखा चालतो. इंजिनियर झाला, व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला एका डेटा सेंटरमध्ये लागला. सहा वर्षांपूर्वी ती नोकरी सोडली आणि त्याच डेटा सेंटरांच्या रस्त्यावर धुरावर मांस शिजवायचं दुकान काढलं. चौदा-चौदा तास ब्रिस्केट धुरात ठेवतो. दुपारी इलेक्ट्रिशियन रांग लावतात, आणि पुण्या-नागपूरहून व्हिसावर आलेली आपली पोरंही. ती आईला फोन करून काय जेवलो म्हणून सांगतात ते आईच जाणे.

शैलजाने ऐकलं आणि म्हणाली, “या घरात तो विषय नको.” नकुल तेव्हा घरी आला होता. स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, “आई, हे किचन ब्रिस्केटवरच उभं आहे. आस्क डॅड.” आणि बापाकडे पाहिलं. उपासनी सिंकपाशी कप विसळत होते. ते विसळत राहिले. मी डायनिंग टेबलाशी बसले होते म्हणून सांगते, तो कप केव्हाच स्वच्छ झाला होता.

नकुल चिडला तो दुकानाला नाही म्हटलं म्हणून नाही. बाप एवढंही बोलला नाही म्हणून. शैलजा गेली तेव्हा तीन दिवस आला, सगळं नीट केलं, गेला. त्यानंतर वाढदिवसाला मेसेज आणि दिवाळीला दोन मिनिटं हवेबद्दल. उपासनींना आता जगात एकच गोष्ट हवी होती: मुलाने फोन करावा आणि तो हवेच्या पुढे जावा. हे ते बोलून दाखवायचे नाहीत. पण माझ्याशी बोलताना त्यांची नजर टेबलावरच्या फोनवर असायची, आणि फोन कधी पालथा ठेवलेला मी पाहिला नाही.

गेल्या ऑक्टोबरात त्यांच्या दारात एक खोका आला. आत बर्फाच्या पिशव्या, त्यांच्यामध्ये हवाबंद पाकिटात शिजवलेलं ब्रिस्केट, दोन पौंड. पाकिटावर नकुलच्या दुकानाचं नाव, मागे तो चौकोन. चिठ्ठी नाही.

मला हे तेव्हा कळलंच नाही. कळलं तीन आठवड्यांनी, जेव्हा उपासनी हातात फाइल घेऊन माझ्या दारात आले. चेहरा असा उजळलेला की मला वाटलं नकुलचं लग्न ठरलं.

“नकुलने काम पाठवलं होतं,” खुर्चीत बसायच्या आत म्हणाले. “पूर्ण केलं. आज पोस्टात टाकलं. ही माझी प्रत.”

चार पानं. जुन्या लॅबमधल्या बाईंच्या हातापाया पडून यांनी तिथे जागा मिळवली होती. अख्खं पाकीट दळलं. प्रत्येक गोष्ट दोनदा मोजली. पाणी, चरबी, प्रथिनं, मीठ, राख. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत निष्कर्ष: तीन औंसांच्या वाढपात लेबल म्हणतं चरबी नऊ ग्रॅम, आहे एकोणीस. लेबल म्हणतं कॅलरी एकशेऐंशी, आहेत दोनशेसाठ.

“काय झालंय बघा,” ते पुढे सरकले. “त्याने कुठल्यातरी तक्त्यातून नुसत्या फ्लॅटचे आकडे उचलले, तेही चरबी काढलेल्या. आणि पाकिटात घातलंय पॉइंटसकट. वीस टक्क्यांवर फरक चालत नाही. तपासणी आली असती तर पोरगं अडकलं असतं. बरं झालं मला पाठवलं.”

मी पानं उलटली. मी कॉलेजात पस्तीस वर्षं आहारशास्त्र शिकवलंय, आकडे मला कळतात. काम चोख होतं.

“उपासनी, त्याने सांगितलं होतं का तपासा म्हणून?”

“सांगायचं काय त्यात? मला मांस आणखी कशाला पाठवेल?”

“खायला.”

ते हसले. मी काही चावट बोलले असावे तसे. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबलं.

“मी खात नाही, त्याला माहीत आहे.”

“माहीत असून पाठवलं. त्याचं पहिलं पाकीट होतं का हे?”

“बॅच नंबर एक,” ते हळू म्हणाले. ते त्यांनी अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.

“मुलाने पहिलं पाकीट बापाला पाठवलं. बापाने ते दळलं, जाळलं आणि तुझं चुकलं म्हणून चार पानं पाठवली. अहो, एक ओळ तरी घातलीत का, पाकीट मिळालं, आनंद झाला?”

“अहवालात तसं लिहीत नाहीत.”

मला इतका राग आला की मी चहा टाकायला उठले. चहा घेऊन आले तर फाइल बंद करून मांडीवर ठेवून बसले होते, आणि दोन पेनांपैकी एक काढून पुन्हा खिशात घालत होते. काढत होते, घालत होते.

नोव्हेंबर गेला. फोन नाही. दिवाळीचाही आला नाही, नुसता पणतीचं चित्र असलेला मेसेज. उपासनींनी तो मला तीनदा दाखवला. पणती सगळेच पाठवतात, असं मी म्हणाले नाही. त्यांनी बाहेर जाणं कमी केलं. थँक्सगिव्हिंगला मी मुलीकडे बोलावलं तर म्हणाले, ड्रायव्हिंग नको, रस्ता निसरडा आहे. रस्ता कोरडा ठणठणीत होता. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले तर हीटर पंचावन्न फॅरनहाइटवर, म्हणजे जेमतेम तेरा सेल्सिअसवर ठेवून स्वेटरवर स्वेटर घालून बसलेले, टीव्ही बंद, वरच्या मजल्यावरचे दिवेही बंद. “एकट्याला एवढं घर कशाला तापवायचं,” म्हणाले.

“फोन करा त्याला,” मी म्हणाले. “म्हणा, ब्रिस्केट छान होतं.”

“मी चव घेतलेली नाही.”

“त्याला काय कळणार आहे?”

“मला कळतं ना. न केलेल्या चाचणीचा निकाल मी आयुष्यात दिलेला नाही.”

“मग करा चाचणी!” मी ओरडलेच. “नाहीतर बसा इथे पंचावन्न डिग्रीत. मुलगा काय आकड्यांसाठी थांबलाय? बापाने एकदा तोंडात घालावं एवढंच त्याचं म्हणणं आहे. तुमच्या देवाधर्माचं मला सांगू नका, मी मटण खाते आणि बीफ खात नाही, तेव्हा तुम्ही खाल्लं नाहीत तरी मी काही म्हणणार नाही. पण मग फोनकडे बघत बसू नका.”

डबा तिथेच ठेवून मी निघाले. जरा जास्त बोलले, पण परत घेतलं नाही.

जानेवारीत एका सोमवारी सकाळी त्यांचा फोन. “गिरिजाताई, साडेअकराला येऊ शकाल का? साक्षीदार म्हणून.”

झालं होतं असं, की त्यांनी नकुलच्या फोनवर निरोप ठेवला होता. तो त्यांनी मला शब्दशः सांगितला: “नकुल, डॅड बोलतोय. पहिला नमुना संपला. दुसरा पाठव. खाण्यासाठी.” उत्तर आलं नाही. दहा दिवसांनी खोका आला. याही वेळी चिठ्ठी नव्हती. पण पाकिटामागचा चौकोन नवा होता. चरबी एकोणीस ग्रॅम, कॅलरी दोनशेसाठ.

“बदललं त्याने,” उपासनी पाकीट माझ्यापुढे धरून म्हणाले. “बघा. माझे आकडे.”

मी पाहिलं. आकडे त्यांचेच होते. अक्षर कोणाचंच नव्हतं, सगळं छापलेलं.

शैलजाच्या स्वयंपाकघरात ते नेणार नव्हते. ते मी विचारलंही नाही. गॅरेजमध्ये घडीचं टेबल मांडलं होतं, दोन खुर्च्या, पायाशी छोटा हीटर, बाजूला टोस्टर अवन. गॅरेजचं दार वास जावा म्हणून अर्धं वर केलेलं, बाहेर गुडघाभर बर्फ. नकुलच्या सूचना त्यांनी ओळीनं पाळल्या. फॉइलमध्ये गुंडाळून तीनशे डिग्री, मग दहा मिनिटं तसंच ठेवायचं. दहा म्हणजे दहा. मी कोट घालून, टोपी घालून, हातात माझ्याच थर्मासमधला चहा घेऊन बसले. वास वाईट नव्हता. खोटं कशाला बोलू, चांगला होता.

दोन तुकडे कापले. “हा फ्लॅट, हा पॉइंट,” म्हणाले. वीस-वीस ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर नाही, त्यांच्या स्वतःच्या काट्यावर.

“उपासनी, आता वजन पुरे.”

पहिला तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले. चावत राहिले. मी त्यांच्या जबड्याकडे बघू नये म्हणून बर्फाकडे पाहिलं. खूप वेळ चावलं. मग गिळलं, पाणी प्यायले, रुमालाने ओठ टिपले. दुसरा घातला. तो अर्धा गेला असेल, आणि ते उठले, दाराखालून वाकून बाहेर गेले. ड्राइव्हवेच्या कडेला झुडुपापाशी पाठमोरे उभे राहिले. मला आवाज आला. मी उठले नाही. अशा वेळी पुरुषांच्या मागे जाऊ नये, त्यांना ते आवडत नाही.

परत आले तेव्हा डोळे लाल आणि मिशीवर बर्फ. मी चहाचा कप पुढे केला.

“राहू द्या आता,” मी म्हणाले. “तुम्ही केलंत. मी पाहिलं.”

“फोन करतो. सोमवारी त्याचं दुकान बंद असतं.” कान अधू म्हणून त्यांनी स्पीकर लावला. चार रिंगा गेल्या. मला वाटलं, उचलत नाही. पाचवीला उचलला.

“डॅड? इज एव्हरीथिंग ओके?”

“खाल्लं,” उपासनी म्हणाले.

“व्हॉट?”

“तुझं ब्रिस्केट. आत्ता. दोन तुकडे घेतले. पहिला राहिला. दुसरा बाहेर आला.”

“यू थ्रू अप?”

“हो. त्यात तुझा दोष नाही. शरीराला सवय नाही, एवढंच.”

“डॅड, यू डिडन्ट हॅव टू.” आवाज खालचा झाला होता. “आय थॉट यू’ड जस्ट थ्रो इट आउट. मग तुम्ही ते आकड्यांचं टेबल पाठवलं.”

“टेबल बरोबर होतं.”

“आय नो बरोबर होतं! सगळी लेबल्स परत छापली.” नकुल थांबला. पुढचं बोलायला त्याने मराठी शोधली, ते ऐकू येत होतं, एक एक शब्द उचलून ठेवत होता. “पहिला... पहिला कसा होता?”

उपासनींनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून विचार केला. हा माणूस आता काय आकडा सांगतोय म्हणून मी कोटाची कॉलर चावायचीच बाकी होते.

“मऊ होता,” ते म्हणाले. “आधी धूर येतो. मग मिरी. मग तूप.”

“तूप? देअर इज नो तूप.”

“चरबीच ती. एकतीस वर्षं ईथरमध्ये धुतली, ती तोंडात अशी लागते हे मला माहीत नव्हतं. आणि कडेला काळं आहे, ते कडू नाही. मला वाटलं होतं जळलेलं असेल.”

“दॅट्स द बार्क, डॅड.” आता मुलगा हसत होता, की आणखी काही करत होता, स्पीकरवर नीट कळत नाही. “ते सगळ्यात कठीण असतं. ते जमायला मला दोन वर्षं लागली.”

“कसं करतोस?”

आणि नकुल सांगू लागला. ओकचं लाकूड, ते किती महिने वाळवायचं, मीठ-मिरी कधी लावायची, मधल्या तासांत मांसाचं तापमान चढता चढता अडून बसतं आणि तासन् तास हलत नाही, तेव्हा घाबरून आग वाढवायची नाही. “अडतं ते पाण्यामुळे,” उपासनी मध्येच म्हणाले, “बाष्पीभवन. पृष्ठभाग थंड होतो.” “एक्झॅक्टली!” नकुल ओरडला. खिशातलं पेन निघालं होतं, खोक्याच्या पुठ्ठ्यावर टिपण सुरू झालं होतं. अकरा मिनिटं. मी घड्याळ बघितलं कारण मला दुसरं काही काम नव्हतं. हवेचं नाव निघालं नाही. शैलजाचंही निघालं नाही.

मग तिकडे ट्रकचा आवाज आला. “लाकूड आलं, डॅड. आय गॉट्टा गो.”

“बरं. उतरवून घे नीट. पाठ सांभाळ.”

फोन बंद झाला. उपासनी पुठ्ठ्यावरचं टिपण वाचत बसले. ओठ हलत होते.

“येतोय का तो?” मी विचारलं. “की तुम्ही जाताय?”

त्यांनी वर पाहिलं. “ते विचारायचं राहिलं.”

“मग करा परत! आत्ताच्या आत्ता.”

“आत्ता तो लाकूड उतरवतोय, गिरिजाताई. उद्यापासून दुकान. त्याचा सोमवारच मोकळा असतो.” त्यांनी उरलेलं ब्रिस्केट फॉइलमध्ये बांधलं, वर चिकटपट्टी लावली आणि तीवर तारीख लिहिली. आजची नव्हे, येत्या सोमवारची. “पुढच्या वेळी फ्लॅटच आणि त्याचा पातळ काप. पॉइंट माझ्याच्याने होणार नाही. तसं त्याला सांगतो, म्हणजे बोलायला काहीतरी राहील.”

मी बर्फात पाय रोवत निघाले. कोपऱ्यावरून पाहिलं तर दार तसंच अर्धं उघडं होतं, आणि खालून टेबलाचे पाय, हीटरची लाल जाळी आणि त्यांचे बूट दिसत होते. आत गेले नव्हते.